कांडी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



आजच्या सभेत मी सायकलच्या शर्यतीवर बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून पुष्कळजणींना हसू आले असेल. हसण्यासारखेच आहे. एक्कावन्नाव्या वर्षी, नऊवारीतल्या आजीच्या नातीने, अमेरिकेतल्या वाळवंटात मध्यरात्री सायकल हाकावी, ही गोष्ट मला स्वतःलाही अजून पुरती खरी वाटत नाही. पण आज मी पराक्रम सांगावयास उभी राहिलेली नाही. माझ्या हातून तेथे जी चूक झाली, ती सांगावयाची आहे. कारण ती चूक आपणा बायकांच्या फार ओळखीची आहे.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षे ॲरिझोना राज्यातील टूसॉन गावी होतो. माझे माहेर पुण्याचे. शाळेला सायकलनेच जात असे, त्यामुळे तोल सांभाळता येत होता, एवढेच भांडवल. शेजारच्या काही बायका रविवारी डोंगरवाटांवर सायकली घेऊन जात. त्यांच्याबरोबर मीही जाऊ लागले. ह्या सायकली निराळ्या असतात. चाके जाड, टायरला खोल खाचा, पुढच्या चाकाला हिसके सोसणारा दुभंगी दांडा, आणि चढासाठी हलके गिअर. दगडधोंड्यांतून नेण्यासाठीच त्या बनवलेल्या असतात. 1996 साली अटलांटा येथील ऑलिंपिकमध्ये ह्या प्रकाराला प्रथम स्थान मिळाले.

चोवीस तासांची सांघिक शर्यत ही त्याचीच एक शाखा. अशी पहिली शर्यत अमेरिकेतच, वेस्ट व्हर्जिनियातील केनान येथे 1992 साली झाली. आमच्या टूसॉनजवळची शर्यत फेब्रुवारीच्या मध्यावर भरत असे. गावाच्या उत्तरेला विलो स्प्रिंग्ज नावाचे गुरांचे मोठे रान आहे, तेथे. एरवी ओसाड असणाऱ्या त्या माळावर दोन दिवस तंबूंचे गावच वसते, आपल्याकडे जत्रेला वसते तसे. शनिवारी दुपारी बारा वाजता आरंभ आणि रविवारी बारा वाजता शेवट. एक फेरी सुमारे सोळा मैलांची, म्हणजे पंचवीस-सव्वीस किलोमीटरची. संघातील एकीनेच एका वेळी जावयाचे. परत आल्यावर मंडपात आपली नोंद करावयाची आणि हातातली लहानशी लाकडी कांडी पुढच्या सखीच्या हाती द्यावयाची. कांडी हाती आल्याशिवाय तिला निघता येत नाही.

2016 साली आम्ही चौघींनी नाव घातले. एक शाळेतील शिक्षिका, दुसरी रुग्णालयातील परिचारिका, तिसरी मी, आणि चौथी महाविद्यालयात शिकणारी बावीस वर्षांची मुलगी. प्रत्येकीच्या तीन, अशा एकूण बारा फेऱ्या करावयाचे ठरले. मी दशम्या, लसणीची चटणी आणि मीठसाखर घातलेले लिंबाचे सरबत नेले होते. दशम्या पहिल्या सहा तासांतच संपल्या, हे मी अभिमानाने नमूद करते!

माझी पहिली फेरी चार ते सहा झाली. सुरुवातीलाच चढउतारांची एक मालिका लागते, तीत पोटऱ्या भरून येतात. पुढे वाट इतकी अरुंद की दोन्ही बाजूंचे निवडुंग अंगाला लागतील की काय असे वाटावे. त्या बाजूला सहुआरो नावाचे निवडुंग खांबासारखे उभे असतात. त्यांना पहिली फांदी फुटावयास पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात. ते बिचारे निरुपद्रवी. खरा वैरी चोया. त्याच्या कांड्या नुसत्या स्पर्शाने सुटून अंगाला चिकटतात आणि काट्यांना उलटे दाते असल्यामुळे ओढल्या की अधिकच रुततात. मावळतीच्या उन्हात ते काटे सोन्यासारखे चमकत होते. मी आनंदात परत आले.

आमच्यात एक नियम होता. आपल्या फेरीला निघण्यापूर्वी आपल्यामागून जाणारीला उठवावयाचे, म्हणजे ती वेळेवर तयार होऊन मंडपात येईल. रात्री बाराला माझी दुसरी फेरी होती. मी तंबूत डोकावले. ती मुलगी पांघरुणात मुटकुळे करून गाढ झोपली होती. संध्याकाळी ती दोनदा खोकली होती, हे मला आठवले. बाहेर थंडी बोचरी. माझ्या मनात आले, लेकरू दमले आहे, कशाला उठवा? मीच दोन फेऱ्या करीन. मी तिच्या अंगावर माझी शाल घातली आणि निघाले. त्या क्षणी मला स्वतःचे फार कौतुक वाटले, हे प्रामाणिकपणे सांगते.

दोन वाजून दहा मिनिटांनी परत आले. मंडपात आमचे कोणीच नव्हते. मी नोंद केली आणि तशीच पुन्हा निघाले. दिव्याची भरलेली दुसरी बॅटरी तंबूत होती. ती आणावयास गेले तर सगळ्या जाग्या होतील, म्हणून तीही आणली नाही. चंद्र केव्हाच मावळला होता. अर्ध्या वाटेवर दिवा मंदावला आणि विझला. जवळच्या छोट्या विजेरीचा उजेड हातभर पडेना. एका वळणावर चाक घसरले आणि मी चोयावर आदळले. उजव्या हाताला आणि गुडघ्याला काटेरी गोळे चिकटले. पहिल्याने मी रडले, मग गप्प बसले.

मागून दुसऱ्या संघातील एक गृहस्थ आले. शर्यतीत असूनही ते थांबले. त्यांनी खिशातून साधी केसांची फणी काढली, ती काट्यांच्या गोळ्याखाली घातली आणि झटक्याने एकेक गोळा उडवला. तेथील जाणती मंडळी ह्यासाठी फणी जवळ बाळगतात. फणी मला देऊन ते पुढे गेले. उरलेली वाट मी पुष्कळशी सायकल हातात धरून चालले. मागून येणाऱ्यांच्या दिव्यांचा उजेड मिळे तेवढाच.

सहाला पाच मिनिटे कमी असताना मी मंडपात पोचले. तिघीही उभ्या होत्या. परिचारिकाबाईंचे डोळे रडून लाल झाले होते. ती मुलगी अडीच वाजल्यापासून हेल्मेट घालून थंडीत उभी होती. मी कांडी पुढे केली. तिने ती घेतली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी आजारी नव्हते. ह्या रात्रीच्या फेरीसाठी मी आठ महिने तयारी केली होती. तुम्ही मला एकदा विचारले का नाही?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. ती गेली तेव्हा पूर्वेला उजाडू लागले होते. तिची रात्र मी घेतली होती.

बारा वाजून पाच मिनिटांनी आमची शेवटची फेरी पुरी झाली. ठरल्या बारा होत्या, झाल्या अकरा. आम्हा तिघींच्या तीन-तीन आणि तिच्या दोनच. निघताना मी तिची क्षमा मागितली. तिने माझी शाल घडी करून परत दिली आणि म्हणाली, "शाल ऊबदार होती." तिने मला क्षमा केली की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

भगिनींनो, 2019 साली आम्ही परत आलो आणि मी ह्या मंडळाची सभासद झाले. गेली पाच वर्षे हिशेबाची वही आणि कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. गेल्या दिवाळीत फराळाच्या विक्रीचा हिशेब आपल्यातल्या एका तरुण सभासदाने मागून घेतला होता. तिच्या घरी लहान मूल आहे म्हणून मी तो रात्री बसून स्वतःच पुरा केला. दुसऱ्या दिवशी ती काहीच बोलली नाही, पण तिचा चेहरा पाहून मला तो पहाटेचा मंडप आठवला. मी तिलाही विचारले नव्हते.

दुसरीचे ओझे उचलण्याचे संस्कार आपल्यावर लहानपणापासून झालेले असतात आणि ते वाईट नाहीत. परंतु ते ओझे आहे की तिच्या हौसेची, हक्काची गोष्ट आहे, हे तिलाच विचारावयास हवे. "तुला जमेल ना?" असे नव्हे. "तुझी वेळ झाली, येतेस ना?" असे.

म्हणून अध्यक्षीणबाईंच्या परवानगीने ही वही आणि ह्या किल्ल्या मी आज त्या सभासदाच्या हाती देत आहे. काल तिला विचारले. ती म्हणाली, "वाटच पाहत होते." बेरजा चुकल्या तर ती मला विचारील, आणि न विचारल्यास मी डोकावणार नाही. हे दुसरे मला अवघड जाईल, तेव्हा आपण सर्वजणींनी माझ्यावर लक्ष ठेवावे, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवते.