डोळ्याचे औषध आणि वेळेचे भान

(शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्या आरोग्य शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



मळणीच्या वेळी डोळ्यात कुसळ जाणे, ऊसतोडणीत पात्याचा फटका बुबुळाला बसणे, या गोष्टी ग्रामीण जीवनात इतक्या नित्याच्या आहेत की त्यांची दखल घ्यावी असे कोणास वाटत नाही. परंतु अशा वेळी बुबुळावरील पारदर्शक पडद्यास ओरखडा पडतो. त्यातून जीवाणू किंवा बुरशी आत शिरल्यास व्रण होतो आणि व्रण भरला तरी पांढरा डाग मागे राहतो. ‘डोळ्यात फूल पडले’ असे आपण म्हणतो, ते बहुधा हेच. त्यानंतर कितीही थेंब घातले तरी तो डाग जात नाही.

येथे वेळेचे महत्त्व किती आहे, हे आपल्या शेजारच्या नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात दिसून आले. तेथे प्रशिक्षित ग्रामीण कार्यकर्त्यांनी बुबुळाला ओरखडा पडलेल्या ४४२ व्यक्तींच्या डोळ्यांत क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस घातले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ९६ टक्के रुग्ण संसर्गाविना बरे झाले. दुखापतीनंतर १८ तासांच्या आत उपचार मिळालेल्यांपैकी एकासही व्रण झाला नाही. साध्या, स्वल्पमोल औषधाने हे साधले, कारण ते वेळेवर मिळाले.

मात्र प्रतिजैविक म्हणजे सर्व नेत्रविकारांवरील रामबाण नव्हे. ते जीवाणूंचा नाश करते. विषाणूंवर त्याचा परिणाम होत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यात डोळे येण्याची जी साथ पसरली, तशा साथी बहुधा विषाणूजन्य असतात. त्यात डोळ्यांतून पाणी वाहते आणि काही दिवसांत विकार आपोआप ओसरतो. जीवाणूजन्य विकारात घट्ट, पिवळसर पू येतो व सकाळी पापण्या चिकटतात. तथापि केवळ लक्षणांवरून खात्री होत नाही. निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते. तीव्र वेदना, अंधुक दिसणे, उजेड सहन न होणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

याहून मोठा धोका स्टेरॉइडयुक्त थेंबांचा आहे. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उपयुक्त ठरतात. परंतु घरात उरलेली तीच बाटली शेतात दुखावलेल्या डोळ्यासाठी वापरली, तर लाली कमी होते, रुग्णास बरे वाटते आणि आत बुरशी मात्र फोफावते. मध, दूध किंवा झाडपाल्याचा रस डोळ्यात घालण्याची प्रथाही अशीच घातक आहे.

औषध घालण्याची रीत सोपी आहे. प्रथम हात साबणाने धुवावेत. खालची पापणी हलकेच ओढून तेथे एकच थेंब टाकावा. डोळ्यात त्याहून अधिक मावत नाही. बाटलीचे टोक पापणीस लागू देऊ नये. दोन औषधे असल्यास मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये. उघडलेली बाटली सामान्यतः चार आठवड्यांनंतर टाकून द्यावी. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत; अर्धवट उपचाराने जीवाणू पुन्हा बळावतात.

खुपरीने एके काळी आपल्या देशात असंख्य लोकांची दृष्टी हिरावली. १९६३ साली तिच्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून तिचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. औषधाबरोबर स्वच्छ पाणी आणि धुतलेले चेहरे यांचाही त्या यशात वाटा आहे.

शिक्षकांनी हे मुलांपर्यंत आणि मुलांकरवी घरोघर पोहोचवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात डोळ्याची औषधे आहेत किंवा नाहीत, याची विचारपूस पंचायत सदस्यांनी करावी. सुगीच्या दिवसांत डोळा दुखावलेला मजूर बुडणाऱ्या रोजंदारीच्या भीतीने घरी बसत असेल, तर त्यास त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचविण्याची व्यवस्था गावाने करावी. एका दिवसाची मजुरी भरून निघते. गेलेला डोळा भरून निघत नाही.