मोटारींवरील कर: किमतीवर की वजनावर?

(पुण्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



रस्त्यावरील सुरक्षिततेसाठी अवजड वाहनांवर अधिक कर बसवावा काय, हा विषय आपण मला दिला आहे. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या कंटेनरने समोरची वाहने चिरडली आणि आठ माणसे प्राणांस मुकली. तेव्हापासून पुण्यात हा प्रश्न संतापाने विचारला जातो. संताप रास्तच आहे. परंतु अर्थशास्त्राच्या शिक्षकाला एक खोड असते. कर बसवा असे कोणी म्हणाले, की तो अखेर कोणाच्या खिशातून जाणार हे तो आधी पाहतो.

मालमोटारीवर आपल्या राज्यात वजनानुसार कर आहेच. पण तो ठोक आहे. गाडी भरलेली धावो वा रिकामी, रक्कम तीच. हा ठोक कर वाढविला तर मालक काय करील? जादा माल भरून तो बोजा अधिक टनांवर वाटील आणि उरलेला भाड्यातून मार्केट यार्डातल्या कांद्यावर चढवील. सुरक्षिततेसाठी बसविलेल्या कराने जादा भार भरण्याचाच मोह वाढावा, असा हा उफराटा प्रकार होय. नव्या कात्रज बोगद्यापासूनच्या उतारावर डिझेल वाचविण्यासाठी गाड्या ‘न्यूट्रल’मध्ये सोडल्या जातात, अशी तक्रार नेहमी होते. ते वाचलेले डिझेल कोणाच्या हिशेबात जमा होते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

भार वाढविण्यास सरकारचाही हात लागला आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार चाकांच्या एका ॲक्सलवरील अनुज्ञेय भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला. रस्त्याची झीज ॲक्सलवरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, असे १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात झालेल्या चाचण्यांतून दिसले. त्या हिशेबाने भार वाढला जेमतेम १३ टक्के, पण झीज वाढली सुमारे ६० टक्के! म्हणून मालमोटारीवर कर हवा तो प्रत्यक्ष भारावर, टोलनाक्यावरील वजनकाट्यावर मोजून, आणि तो मालक व माल पाठविणारा यांच्याकडून. चालकाच्या मजुरीतून एक पैसाही जाता कामा नये.

आता खाजगी मोटारीकडे वळू. माझ्या मते खरी मेख तेथे आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची, तर १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारी होती. शंभर-सव्वाशे किलोंच्या स्कूटरवर दोन टनांची मोटार आदळते तेव्हा कोणाच्या जिवावर बेतते, हे सांगायला भौतिकशास्त्र नको. जड मोटार घेणारा स्वतःचे संरक्षण विकत घेतो, त्याची किंमत दुसरा चुकवितो. असा खर्च करातून वसूल करावा, हे पिगूने १९२० सालीच सांगितले होते.

आपला कर मात्र किमतीवर आहे: पेट्रोल मोटारीवर ११ ते १३ टक्के, डिझेलवर १३ ते १५. तोही एकदाच, आणि त्याला वर कमाल मर्यादा! २०२५ मध्ये ती २० लाखांवरून ३० लाखांवर नेली एवढेच. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला ज्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, तिची किंमत दीड कोटीच्या वर आणि वजन दोन टनांहून अधिक. ती विजेवरची, म्हणून तिला मोटारकर शून्य. कायम नोंदणीसाठी भरायचे होते फक्त १,७५८ रुपये. तेही थकले होते. खटला न्यायालयाचा विषय आहे, मी करापुरते बोलतो. ३० लाखांवरील विजेच्या मोटारींना ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात आला आणि त्याच अधिवेशनात मागे घेतला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये तर मोठ्या एसयूव्हींवरील जीएसटी व उपकर मिळून ५० टक्क्यांचा भार ४० वर उतरला. फ्रान्सने उलट २०२२ पासून १,८०० किलोंवरील नव्या मोटारीला प्रत्येक जादा किलोमागे १० युरो कर लावला आणि २०२४ मध्ये ती मर्यादा १,६०० किलोंवर आणली.

श्रीमंत माणूस कर भरील आणि मोटार तशीच हाकील, असे आपल्यातील काही मित्र म्हणतात. काही जण नक्कीच तसे करतील. कर हा वेगमर्यादेला किंवा शिक्षेला पर्याय नव्हे, आणि अशा कराने नवले पुलावरचा अपघात टळला असता असेही मी म्हणणार नाही. पण घेणाऱ्यांपैकी काही जरी हलक्या मोटारीकडे वळले, तरी रस्त्यावरचे एकूण वजन घटेल, आणि जे वळणार नाहीत त्यांच्या पैशातून पदपथ होतील. खेड्यातली प्रवासी जीप या करातून वगळावी. बसला तर हात लावू नये. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. एका बसचे वजन चाळीस-पन्नास माणसांत वाटले जाते, मोटारीचे बहुधा एकट्यात.

वाहनकर राज्यसूचीत आहे, कायदा १९५८ चा आहे, दुरुस्तीला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. आपापल्या आमदारांकडे जाल तेव्हा दीड टनावरील खाजगी मोटारीला दरवर्षी वजनावर चढता कर, ही एकच मागणी लेखी द्या. विजेच्या मोटारीला सूट द्यायची तर ती इंधनाबद्दल द्यावी, वजनाबद्दल नव्हे, हेही त्यात लिहायला विसरू नका.