बिंबाणू वाढतात तेव्हा
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



डेंग्यूच्या साथींनी आपल्या वऱ्हाडाला 'प्लेटलेट' हा शब्द घरोघरी शिकविला. आकडा घसरला की घर हवालदिल होते, चढला की देवापुढे नारळ फुटतो. त्यामुळे एखाद्या अहवालात आठ लाख बिंबाणू दिसले, तर आप्तांना त्यात काळजीचे काही वाटत नाही. आज त्या वाढीविषयी बोलावयाचे आहे.

एका घन मिलिमीटर रक्तात साधारणतः दीड ते साडेचार लाख बिंबाणू असतात. आकडा त्यापुढे गेला म्हणजे रक्ताचा रोग जडलाच, असे मुळीच नव्हे. लोहाची कमतरता, क्षय, सांध्यांचा दाह यांनीही तो वाढतो. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. प्लीहा निकामी होत गेल्याने त्यांच्यातही ही वाढ आढळते. म्हणूनच धामणगाव परिसरातील एखाद्या शेतमजूर भगिनीचा आकडा वाढलेला दिसला, तर आम्ही आधी तिचे हिमोग्लोबिन आणि लोह पाहतो. पुष्कळदा लोहाच्या गोळ्यांनीच तो उतरतो.

कारण सापडत नाही आणि वाढ टिकून राहते, तेव्हा 'एसेन्शियल थ्रॉम्बोसायथीमिया' या विकाराची शंका घ्यावी लागते. अस्थिमज्जेतील मूळ पेशीच्या जनुकात बदल होऊन बिंबाणू अनिर्बंध निर्माण होतात. 'जॅक-२' जनुकातील असा बदल २००५ साली, तर 'कॅलआर'मधील २०१३ साली उजेडात आला. हा बदल बहुधा जन्मानंतर घडतो. माहेर-सासरच्या रक्ताला दोष देण्याचे कारण नाही.

या विकाराची गणना रक्ताच्या कर्करोगांत होते. तो शब्द ऐकून कुटुंबे खचतात. परंतु विकार संथ आहे आणि बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षे आपला संसार सांभाळतात. खरा धोका गुठळीचा. ती मेंदूत अडकली तर पक्षाघात, हृदयात अडकली तर झटका. तळपायांची आग व लाली हे लक्षण आपल्याकडे उन्हावर ढकलले जाते. उलट, आकडा दहा लाखांपुढे गेल्यास रक्तस्रावही होऊ शकतो. म्हणून ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नये.

साठीपुढील किंवा पूर्वी गुठळी झालेल्या रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया देतात. सिकलसेलसाठीही हेच औषध वापरले जाते. त्याची मात्रा रक्त तपासूनच ठरते, आणि नेमकी तीच तपासणी कापूस वेचणीच्या दिवसांत चुकते. मजुरी बुडवून सेवाग्राम वा नागपूर गाठणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. जनुकचाचणीचा खर्चही अशा घरांना पेलत नाही. देणगीदारांनी तो आपला मानावा.

आप्तांना एवढीच विनंती, की रुग्णाला आणताना जुने अहवाल सोबत आणावेत. दोन वर्षांपूर्वीचा आकडा हाती असला, तर वाढ कालची की जुनी, हे त्याच बैठकीत कळते.