'लेटेस्ट सी++' म्हणजे नक्की कुठलं?

आजचा एपिसोड छोटा आहे, पण त्यापायी माझी एक आख्खी रात्र गेलीय.

नोकरीचं पहिलंच वर्ष. एका क्लायंटला कोड द्यायचा होता. रीडमी फाइलमध्ये मी बिनधास्त लिहिलं, 'लेटेस्ट सी++ कंपायलर वापरा.' माझ्या डोक्यात सी++१७. त्यांच्या सर्व्हरवर होता जीसीसी ४.८. त्याला सी++११ नीट येतं, पण सी++१७ येत नाही. बरं, त्यांच्या माणसाची चूक काय? त्याने सर्व्हर अपडेट केला होता, म्हणजे त्याच्यासाठी तेच लेटेस्ट! रात्री साडेनऊला फोन आला, "सर, स्क्रीनभर एरर आहेत." सकाळी डेमो. पहाटेपर्यंत बसून मी सी++१७ ची सगळी फीचर्स हाताने काढली.

तेव्हा कळलं, स्टँडर्डचं नाव नीट घेणं ही नुसती पोपटपंची नाही.

पद्धत तशी सोपी आहे. वर्षाचे शेवटचे दोन आकडे घ्यायचे: सी++९८, ०३, ११, १४, १७, २०, २३. पण यात गमती आहेत. सी++११ ला आधी 'सी++०एक्स' म्हणायचे, कारण २०१० च्या आत येईल अशी आशा होती. ते आलं २०११ मध्ये! जुन्या ब्लॉगवर ०एक्स दिसलं तर ११ समजा. सी++२३ चं तर नाव तेवीस, पण आयएसओने ते छापलं २०२४ मध्ये.

सी मध्येही तसंच. सी८९ आणि सी९० ही भाषा एकच. आधी अमेरिकेच्या एएनएसआयने १९८९ मध्ये मान्य केली, मग आयएसओने १९९० मध्ये. सी१७ छापलं गेलं २०१८ मध्ये, म्हणून काहीजण त्यालाच सी१८ म्हणतात. इंटरव्ह्यूमध्ये कुणी विचारलं तर गडबडू नका, दोन्ही एकच. जावास्क्रिप्टवाल्यांनो, तुमचं ईएस६ आणि ईएस२०१५ पण एकच बरं का!

आणि सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: कंपायलरचा नंबर वेगळा, स्टँडर्डचा वेगळा. जीसीसी ११ म्हणजे सी++११ नव्हे. उलट जीसीसी ११ काहीच न सांगता चालवलात, तर तो सी++१७ धरतो, तेही ग्नूच्या स्वतःच्या जोडण्यांसकट.

मग करायचं काय? तीन गोष्टी. एक, 'लेटेस्ट', 'नवीन', 'मॉडर्न' हे शब्द डॉक्युमेंटमधून हद्दपार करा. आज लेटेस्ट असलेलं तीन वर्षांत जुनं होतं. दोन, स्टँडर्ड आणि कंपायलर दोन्ही लिहा: 'सी++१७, जीसीसी ९ किंवा त्यापुढचा.' तीन, बिल्डमध्ये एसटीडीचा फ्लॅग स्वतः द्या, डीफॉल्टच्या भरवशावर राहू नका.

त्या रात्रीनंतर मी रीडमीमध्ये फक्त एक ओळ बदलली. तसा फोन पुन्हा आला नाही.

तुमच्या प्रोजेक्टचा रीडमी आज एकदा उघडून बघा. 'लेटेस्ट' सापडलं, तर आत्ताच बदला. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!