स्वेच्छानिवृत्ती आणि पश्चात्ताप



वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभे राहिले की न्यायमूर्ती रानड्यांचे स्मरण होतेच. १८७५ साली पुण्यात त्यांनी ही प्रथा सुरू केली. १९०१ साली ते वारले तेव्हाही मुंबईच्या हायकोर्टात न्यायाधीश होते. निवृत्तीचे दिवस त्यांच्या वाट्याला आलेच नाहीत. त्यांनी घालून दिलेल्या वाटेवरच्या या व्यासपीठावरून मुदतीआधी नोकरी सोडणाऱ्यांविषयी बोलणे हा थोडा औचित्यभंगच आहे. पण चिटणीस म्हणाले, "तुम्ही स्वतः लौकर सुटलेले आहात. जे खरे असेल ते सांगून टाका." तेव्हा ऐकीव कमी आणि पाहिलेले अधिक, असे आमचे आजचे बोलणे राहील.

प्रश्न साधा आहे. जे लौकर निवृत्त झाले, त्यांना पुढे पश्चात्ताप होतो काय? होतो असे म्हणणारे भेटतात, सुटलो म्हणणारेही भेटतात. दोघेही खरे बोलत असतात. मग फरक कोठे पडतो, एवढेच आपल्याला पाहावयाचे आहे.

२०००-०१ साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. पंधरा वर्षे नोकरी झालेली असावी किंवा वय चाळीस असावे, एवढीच मुख्य अट. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे ६० दिवसांचा पगार, किंवा जितके महिने नोकरी उरली तितक्या महिन्यांचा पगार, यांपैकी जी रक्कम कमी ती हाती पडावयाची. देशभरात सुमारे एक लाख माणसे या दाराने बाहेर पडली. त्यांत आम्हीही होतो. वय ४७, नोकरी २४ वर्षे. हिशेबाने ४८ महिन्यांचा पगार पदरात पडला आणि पेन्शन चालू झाले. नोकरी मात्र १५६ महिने उरली होती! ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, त्याने स्वतःचा हिशेब इतक्या घाईत केला, याचे आज हसू येते.

पश्चात्ताप किती लौकर होऊ शकतो, याचा दाखला कोर्टाच्या कागदांत आहे. त्या वेळी अनेकांनी अर्ज दिले आणि थोड्याच दिवसांत ते परत मागितले. बँका म्हणाल्या, दिलेला अर्ज मागे घेता येणार नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि डिसेंबर २००२ मध्ये निकाल लागला. राष्ट्रीयीकृत बँकांपुरते त्याचे सार असे की, अर्ज मंजूर होण्यापूर्वी मागे घेण्याचा हक्क कर्मचाऱ्याला आहे. मात्र ज्याने पैसे स्वीकारले, त्याला परत फिरता येणार नाही. कायद्याचे सोडून द्या. सही केल्यापासून मंजुरी येईपर्यंतच्या त्या थोड्या दिवसांत घराघरांतून काय बोलणी झाली असतील, याचा विचार करा. आमच्या मते पश्चात्तापाचे मूळ तेथे आहे. ज्या बोलण्यानंतर सही व्हावयाची, ते बोलणे सहीनंतर झाले.

आमच्याही घरी तेच झाले. शेवटच्या दिवशी शाखेत चौघे सह्या करीत होते, पाचवी आम्ही केली. संध्याकाळी घरी सांगितले. सौभाग्यवतींनी हातातले काम थांबविले नाही. एवढेच विचारले, "मला आधी विचारावेसे वाटले नाही का?" मुलगी तेव्हा अकरावीत होती. चोवीस वर्षांत एवढा अवघड प्रश्न कोणत्याही इन्स्पेक्टरने आम्हांस विचारला नव्हता. पैशाची ओढाताण पुढे झाली आणि निभावलीही. पण त्या प्रश्नाला उत्तर सापडले नाही. नोकरी सोडल्याचा पश्चात्ताप आम्हांस झाला असे म्हणवत नाही. न विचारता सोडल्याचा झाला, आणि तो अजून आहे.

आता पैशाकडे वळू. जानेवारी २००० च्या आरंभी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर शेकडा १२ व्याज मिळत होते. मार्च २००३ मध्ये ते ८ वर आले. इतर ठेवींचे व्याजही त्याच वाटेने उतरले. म्हणजे लाखामागे वर्षाला बारा हजार येतील या भरवशावर ज्याने संसार मांडला, त्याच्या हाती आठ हजार येऊ लागले. आणि किराणा, औषधे, कॉलेजची फी मात्र वरच्या वाटेने गेली. महागाई दरसाल शेकडा सहा धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो, चोवीस वर्षांत चौपट. हे गणित सातवीच्या मुलाला येते. फक्त स्वतःवर मांडून पाहावयाचे धैर्य मोठ्यांना होत नाही.

दुसरा प्रसंग अलीकडचा आहे. २०१९ च्या अखेरीस भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांनी पन्नाशी गाठलेल्यांसाठी अशीच योजना काढली. भारत संचारमधून ७८ हजारांहून अधिक आणि मुंबई व दिल्लीच्या महानगरमधून १४ हजारांहून अधिक माणसे ३१ जानेवारी २०२० रोजी एकदम घरी गेली. त्या वर्षी त्यांचे पगार वेळेवर होत नव्हते. ज्याला महिन्याचा पगार केव्हा येईल हे ठाऊक नाही, त्याच्या सहीला स्वेच्छा कितपत म्हणावयाचे? आणि दोनच महिन्यांत टाळेबंदी आली. पुढे काही धंदा करू म्हणणाऱ्यांना दुकानाची फळीसुद्धा उघडता येईना.

स्वेच्छेविषयी आणखी एक सांगितले पाहिजे. आमच्याबरोबर बाहेर पडलेल्यांत काही भगिनी होत्या. कोणाची सासू अंथरुणाला खिळलेली, कोणाच्या यजमानांची बदली झालेली. त्यांना सगळे म्हणाले, "सुटलात हो!" त्यांतल्या एक बाई पुढे भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "एक नोकरी सुटली. दुसरी चालूच आहे. तिला रविवारही नाही आणि निवृत्तीही." घराने मिळून केलेला निर्णय आणि घराने एकीवर ढकललेला निर्णय, कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

मग समाधानी राहिले ते कोण? मोठी उदाहरणे आपल्यापुढे आहेतच. नामदार गोखले १९०२ साली फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले, तेव्हा ते अवघे ३६ वर्षांचे होते. पुढे १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. महर्षी कर्वे १९१४ साली त्याच कॉलेजातून गणिताची अध्यापकी संपवून बाहेर पडले आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढले. पण अण्णांचे हिंगण्याचे काम त्याआधी कितीतरी वर्षे चालू होते. नोकरी सुटल्यावर काम शोधावयास ते निघाले नाहीत. काम दाराशी वाट पाहत उभे होते.

कोणी म्हणेल, थोरांच्या गोष्टी आपणांस कशाला? तर एक लहान गोष्ट सांगतो. आमच्या शाखेतील एका शिपायाने आमच्याबरोबरच निवृत्ती घेतली. त्याची पिठाची गिरणी होती. दहा वर्षे तो सकाळी आणि संध्याकाळी ती चालवीत असे. पैसे मिळाले तसे त्याने दुसरे जाते बसविले. पाच वर्षांनी भेटला तेव्हा आम्ही विचारले, "चुकल्यासारखे वाटते का?" त्याला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, "साहेब, दळणाला वेळ पुरत नव्हता. आता पुरतो."

आणि साहेबांचे काय चालले होते? खरे सांगावयाचे तर पहिले वर्षभर साडेनऊ वाजले की पाय शिवशिवत. पासबुक भरून घेण्याच्या निमित्ताने आम्ही शाखेत जात असू आणि ज्या काउंटरच्या आत बसलो त्याच्या बाहेर रांगेत उभे राहत असू. पासबुकात नवी नोंद नसे. हे तेथल्या पोरांना कळत होते, आणि त्यांना कळते हे आम्हांस कळत होते. एका नोव्हेंबरात रांगेत पुढे एक वृद्ध बाई हयातीच्या दाखल्याचा कागद घेऊन उभ्या होत्या. तो भरावयाचा कसा, हे त्यांना उमगत नव्हते. आम्ही तो भरून दिला. त्यांच्यामागे आणखी तिघी होत्या. तेव्हापासून दर नोव्हेंबरात आम्ही तेथल्या बाकावर बसतो. आता कागदाऐवजी यंत्रावर बोट टेकवितात. म्हाताऱ्या बोटांचा ठसा उठत नाही तेव्हा पुन्हा पुन्हा टेकवावयास लावतो. हे काम मोठे नाही. पण साडेनऊ वाजता आमची कोणी वाट पाहते.

हल्ली संगणकाच्या कंपन्यांतील तरुण मंडळी पंचेचाळिशीतच निवृत्त होण्याचे बेत करतात. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट रक्कम साठली की झाले, असा त्यांचा ठोकताळा आहे. तो मूळ अमेरिकेतला, आणि निवृत्तीनंतरची तीस वर्षे धरून मांडलेला. पंचेचाळिशीत सुटणाऱ्याने चाळीस-पन्नास वर्षांचा शिधा बांधावयास हवा, आणि व्याज व महागाई येथली धरावयास हवी. या मंडळींना आम्ही 'सोडू नका' असे म्हणणार नाही. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी मात्र कराव्यात. घरातील सर्वांसमोर हिशेब मांडावा, तो व्याज एक तृतीयांशाने उतरेल असे धरून. शिल्लक रजेतून एक महिना काढून निवृत्तासारखे घरी राहून पाहावे. घरच्यांनाही ते कळू द्यावे! आणि ज्या कामाकडे जावयाचे, ते नोकरीत असतानाच, थोडे का होईना, सुरू करावे.

एवढे केल्यावर जो सुटेल त्याला चुटपुट लागणार नाही असे नाही. चुटपुट कोणाला चुकली आहे? पण लौकर सुटणे हा दोष नव्हे. कोणाला न विचारता आणि कोठे जावयाचे ते न ठरविता सुटणे हा दोष. आमच्या हातून दोन्ही घडले. दुसरा पुढे एका बाकावर भरून निघाला. पहिला राहिला आहे. सौभाग्यवती आज सभेत पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. या भाषणाचे निमंत्रण आले तेव्हा मात्र आम्ही होकार देण्यापूर्वी त्यांना विचारले होते.