मॉनिटरचा अलार्म : आवाज की दिवा?

रुग्णाच्या खाटेशेजारचा मॉनिटर वाजतो तेव्हा बहुतेक वेळा संकट आलेले नसते. बोटावरचा प्रोब सरकलेला असतो, छातीवरची ईसीजीची चकती घामाने सुटलेली असते, किंवा रुग्णाने नुसती कूस बदललेली असते. सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठ रुग्णालयात 5 अतिदक्षता विभागांतील 77 खाटांवर 31 दिवसांत 25 लाखांहून अधिक अलार्म नोंदले गेले. हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड दाखवणाऱ्या 12,671 अलार्मची तपासणी झाली, तेव्हा त्यांतले 88.8 टक्के खोटे निघाले. हा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला.

इतके खोटे आवाज ऐकल्यावर कान खऱ्यालाही दाद देईनासा होतो. त्याचा दोष परिचारिकेच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. कोणाचाही कान असाच वागेल. परिणाम मात्र भयंकर असतात. जानेवारी 2009 ते जून 2012 या काळात अलार्मशी निगडित 98 घटना अमेरिकेतील जॉइंट कमिशन या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेकडे नोंदल्या गेल्या. त्यांपैकी 80 घटनांत रुग्ण दगावला. शिवाय या आवाजाने रुग्णाची झोप मोडते. रुग्णकक्षात रात्री 30 डेसिबलपेक्षा अधिक आवाज नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्येच सुचवले होते.

म्हणून आवाजाऐवजी दिवा, हा विचार पुढे आला. रंगांचा संकेत आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेला आहे : जिवावरच्या धोक्याला जलद लुकलुकणारा लाल, मध्यम धोक्याला सावकाश लुकलुकणारा पिवळा. पण दिव्याची मर्यादा मूलभूत आहे. कान कोणत्याही दिशेचा आवाज टिपतो; दिवा दिसायला मात्र नजर तिकडेच असावी लागते. एका बाळाला सलाईन लावणाऱ्या सिस्टरला पाठीमागच्या बाळाचा लाल दिवा दिसणार नाही.

नजरेवर विसंबण्याचा धोका भंडाऱ्यात दिसला. तिथल्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला 9 जानेवारी 2021 च्या पहाटे आग लागली. 17 पैकी 10 बाळे दगावली, 7 वाचवता आली. दुर्घटना आगीची होती, मॉनिटरच्या अलार्मची नव्हती. तरीही सुरुवातीच्या बातम्यांनुसार धूर प्रथम एका परिचारिकेला दिसला, तेव्हाच आगीचा पत्ता लागला. इशारा केवळ नजरेवर सोपवला की वेळ किती हातची जाते, हे या जिल्ह्याला कोणी वेगळे सांगायला नको.

त्यामुळे आवाज सरसकट बंद करणे धोक्याचे. आधी खोटे अलार्म घटवले पाहिजेत. बॉस्टन मेडिकल सेंटरच्या हृदयरोग विभागात आठवड्याला सरासरी 87,823 आवाजी अलार्म होत, ते 9,967 वर आले. तिथे किरकोळ इशाऱ्यांचे आवाज काढले गेले, खरोखर कृती मागणारे तेवढे वरच्या श्रेणीत गेले आणि रुग्णागणिक मर्यादा बदलण्याचा अधिकार परिचारिकांना मिळाला. महागडी नवी यंत्रे त्यासाठी लागली नाहीत, ही बाब जिल्हा रुग्णालयांनी मुद्दाम लक्षात घ्यावी.

चकत्या वेळेवर बदलणे, प्रोब नीट बसवणे, क्षणिक चढउतारांसाठी अलार्मला काही सेकंदांचा विलंब देणे, ही पहिली पायरी. त्यानंतर किरकोळ इशारे दिव्याकडे द्यावेत. लाल इशाऱ्याला आवाज हवाच. तो मध्यवर्ती टेबलावरही पोहोचावा, आणि ठरलेल्या वेळेत कोणी प्रतिसाद दिला नाही तर पुढच्या व्यक्तीकडे जावा. ती व्यक्ती कोण, हे प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला नावानिशी ठरलेले असावे.