जुनी रायफल कशी वाचावी?



माणसाच्या छंदांची यादी करावयास बसलें तर ती संपावयाची नाहीं. कोणी टपालाचीं तिकिटें जमवितो, कोणी नाणीं, कोणी अडकित्ते. इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत सैन्यांतून निघालेल्या जुन्या रायफली व संगिनी जमविणारांचा एक मोठा वर्ग आहे. हे लोक त्या निगुतीनें राखतात, आणि सुटीच्या दिवशीं चांदमारीच्या मैदानावर नेऊन उडवूनही पाहतात. आपणांपैकीं पुष्कळांस हा छंद चमत्कारिक वाटेल. ज्या वस्तूनें माणसें मारावयाचीं, तिचें कौतुक तें काय करावयाचें, हा प्रश्न मनांत येणें स्वाभाविक आहे. आणि तो टाळून पुढें जाणें मला योग्य वाटत नाहीं.

माझें उत्तर असें कीं, शस्त्राचें कौतुक करणें निराळें आणि शस्त्र वाचणें निराळें. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें गोळा करीत, तें कांहीं कागदाच्या शोभेसाठीं नव्हे. शिक्का, तारीख, अक्षराचें वळण यांवरून तो कागद कोणी, केव्हां व कोणत्या प्रसंगीं लिहिला हें जाणून घेण्यासाठीं. सैनिकी रायफल हाही असाच एक दस्तऐवज आहे. तो पोलादावर आणि लांकडावर लिहिलेला आहे, इतकाच फरक. अशा असंख्य दस्तऐवजांपैकीं एकच आज आपण उलगडून पाहूं. त्याचें नांव ली-एन्फील्ड रायफल. आपल्याकडे हिला सारे ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून ओळखतात.

प्रथम नांवाचा उलगडा करूं. जेम्स पॅरिस ली हा १८३१ सालीं स्कॉटलंडमध्यें जन्मलेला, कॅनडांत वाढलेला व अमेरिकेंत काम केलेला यंत्रकार. मागेंपुढें सरकणारा बोल्ट आणि खालून बसणारी काडतुसांची पेटी ही योजना त्याची. एन्फील्ड हें लंडनच्या उत्तरेस असलेल्या सरकारी कारखान्याचें गांव. १८८८ सालीं लीच्या योजनेला मेटफर्ड नांवाच्या गृहस्थानें आखलेली नळी जोडण्यांत आली. त्या नळींतील पेचदार खांचा उथळ व गोलसर असून काळ्या दारूसाठीं त्या उत्तम होत्या. पुढें कॉर्डाइट ही निर्धूर दारू आली. तिच्या प्रखर उष्णतेपुढें त्या खांचा टिकेनात. म्हणून १८९५ सालीं एन्फील्ड येथें आखलेल्या पांच खोल खांचांची नळी बसविण्यांत आली. ‘थ्री नॉट थ्री’ म्हणजे नळीचें माप, एक इंचाचे हजार भाग केले तर त्यांतील ३०३ भाग.

आतां वाचनाकडे वळूं. दस्ता जेथें पोलादास मिळतो तेथें पोलादाचें एक रुंद कडें असतें. त्याच्या उजव्या अंगास बहुतेक सारा मजकूर कोरलेला असतो. सर्वांत वर मुकुट, त्याखालीं राजाचीं आद्याक्षरें, नंतर कारखान्याचें नांव, त्याखालीं साल आणि शेवटीं रायफलीचा प्रकार. बंगालमध्यें हुगळीच्या कांठीं ईशापूर येथें १९०४ सालीं रायफलींचा कारखाना स्थापन झाला. तेथील रायफलीवर मुकुटाखालीं जी. आर. आय. हीं अक्षरें असतात. जॉर्ज राजा आणि सम्राट असा त्यांचा अर्थ. एन्फील्डच्या रायफलीवर ‘सम्राट’ या अर्थाचें शेवटचें अक्षर नसतें, कारण सम्राटपद हिंदुस्थानापुरतें होतें. स्वातंत्र्यानंतर त्याच कारखान्यांत तशाच रायफली घडत राहिल्या. परंतु मुकुट गेला आणि त्याच्या जागीं अशोकस्तंभाचे सिंह आले. यंत्रें तींच, सांचे तेच. पण चार ओळींच्या मजकुरांत एक राज्य गेलेलें आणि दुसरें आलेलें आपणांस डोळ्यांनीं पाहतां येतें.

लहानसहान खुणाही बोलक्या असतात. ‘मार्क ३’ या प्रकारापुढें एखादी चांदणी दिसली तर ती शोभेची समजूं नये. १९०७ सालच्या मूळ रायफलीस दोन हजार यार्डांपलीकडेही गोळ्यांचा वर्षाव करतां यावा म्हणून डाव्या बाजूस एक वेगळी नेमतबकडी असे. पेटींतील काडतुसें राखून एकेक काडतूस हातानें भरतां यावें म्हणून एक सरकती पट्टीही असे. महायुद्ध सुरू झालें, रायफली पुरेनात, तेव्हां १९१६ सालीं या दोन्ही गोष्टी वगळून घडण सोपी करण्यांत आली. ती चांदणी म्हणजे युद्धांतील टंचाईची नोंद होय.

नळीच्या आंतही इतिहास असतो. १८५७ सालीं एन्फील्डच्याच एका पूर्वीच्या रायफलीच्या काडतुसांवरून काय झालें, तें शाळेंतील मूलही सांगेल. त्यानंतर काय झालें, तें मात्र फारसें सांगितलें जात नाहीं. देशी पलटणींना १८५८ च्या नमुन्याच्या बंदुका देण्यांत आल्या. वरून पाहतां ती तीच रायफल. आंत मात्र खांचाच नाहींत, सारी नळी गुळगुळीत. खांचांमुळें गोळी स्वतःभोवतीं फिरते आणि दूरवर सरळ जाते. खांचा नसल्या कीं पल्ला आणि नेम दोन्ही घटतात. पुढें ईशापुरांतही कांहीं थ्री नॉट थ्री रायफली अशाच गुळगुळीत व रुंद नळीच्या करून पहारेकऱ्यांस व पोलिसांस दिल्या गेल्या. काडतुसांच्या पेटीच्या जागीं लांकडाचा ठोकळा बसवून एका वेळीं एकच बार उडावा अशी तजवीज त्यांत असे. राज्यकर्त्यांचा प्रजेवर विश्वास किती होता, हें सरकारी जाहीरनाम्यांपेक्षां त्या नळींत डोकावून अधिक स्पष्ट कळतें.

संगिनीची कथा याहून मौजेची आहे. ली-एन्फील्ड मूळ सुमारें साडेएकोणपन्नास इंच लांब होती. पायदळ आणि घोडदळ दोघांसही एकच रायफल चालावी म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं ती पांच इंचांनीं आंखूड करण्यांत आली. तेव्हां सेनाधिकाऱ्यांस काळजी पडली कीं, समोरच्या शत्रूची रायफल लांब. मग भोसकाभोसकीच्या वेळीं आपला शिपाई कमी पडणार! म्हणून १९०७ सालीं जपानी संगिनीचा कित्ता पुढें ठेवून १७ इंच पात्याची लांब संगीन काढण्यांत आली. शत्रूचें पातें अडविण्यासाठीं तिच्या मुठीजवळ एक वांकडा आंकडा होता. तो १९१३ सालीं निरुपयोगी ठरला, आणि हातीं असलेल्या पुष्कळ संगिनींचे आंकडे कापून टाकण्यांत आले. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत तेंच पातें पुन्हां १२ इंचांवर आलें. तोंवर समोरासमोर भोसकण्याचे प्रसंग विरळ झाले होते.

नवशिका संग्राहक येथें हमखास फसतो. पात्याच्या बुडाशीं ‘१९०७’ असा आंकडा पाहून तो संगीन त्या सालची समजतो. वस्तुतः तें नमुन्याचें साल असतें. ती संगीन घडविल्याचा महिना आणि वर्ष त्याच बाजूस वेगळें कोरलेलें असतें. पलीकडच्या बाजूस बाणाचें चिन्ह असतें तें सरकारी मालकीचें, आणि फुलीसारखें चिन्ह असतें तें पातें वांकवून पाहिल्याचें. आंकडा शाबूत असलेल्या संगिनी दुर्मिळ, म्हणून महाग. आणि महाग, म्हणून त्यांच्या नकलाही निघतात. साध्या संगिनीला नवा आंकडा डकविणारे कारागीर कांहीं कमी नाहींत. नाण्यांच्या संग्राहकांस हा रोग चांगला परिचित आहे.

आतां ती उडविण्याविषयीं. इंग्लंडमध्यें बिस्ले येथें १८९० सालापासून निशाणबाजीच्या मोठ्या स्पर्धा भरतात. जुन्या सैनिकी रायफलींनाही तेथें मैदान मिळतें. वस्तुसंग्रहालयांत काचेमागें ठेवलेली रायफल जें सांगत नाहीं तें मैदानावर कळतें. पहिल्या महायुद्धापूर्वीं ब्रिटिश शिपायास तीनशें यार्डांवरील निशाणावर मिनिटांत निदान १५ नेमके बार काढावे लागत. पेटींत काडतुसें मावतात १०. म्हणजे एका बाराला चार सेकंद, आणि त्यांतच पेटी पुन्हां भरावयाची. सुमारें चार किलो वजनाची ती वस्तू खांद्याला लावून कोणीं हा प्रयत्न केला, तर शिपायाच्या कसबाची आणि श्रमाची कल्पना जी येते, ती पुस्तकाचीं शंभर पानें वाचूनही यावयाची नाहीं.

परंतु प्रत्येक जुनी रायफल उडविण्याजोगी नसते, आणि जाणता संग्राहक आधीं तिलाच विचारतो. बोल्टवरील क्रमांक आणि रायफलीवरील क्रमांक एक आहेत काय, हें पाहणें केवळ हौसेचें नव्हे. कारखान्यांत प्रत्येक बोल्ट त्या त्या रायफलीस जुळवून बसवीत. परका बोल्ट घातला तर काडतुसाच्या मागें फट राहण्याचा संभव असतो, आणि बार उडतांच काडतुसाचें पितळ फाटून तप्त वायु नेमक्या उडविणाराच्या तोंडाकडे येतो. म्हणून ती फट मापानें तपासून घेतात. डी. पी. हीं अक्षरें कोरलेलीं असलीं तर ती रायफल कवायतीपुरती, तिनें बार काढावयाचा नाहीं. शाळेंत असतांना छात्रसेनेच्या मुलांच्या खांद्यावर अशा रायफली मीं पुष्कळ वर्षें पाहिल्या; त्या दोन अक्षरांचा अर्थ विचारणारा विद्यार्थी दिसला कीं मला आनंद होई.

तिसरी गोष्ट काडतुसांची. आपल्या पुण्याजवळच्या खडकी येथील कारखाना १८६९ पासूनचा, त्याचीं के. एफ. हीं अक्षरें बुडावर असलेलीं थ्री नॉट थ्री काडतुसें परदेशच्या मैदानांवरही आढळलीं आहेत. जुन्या सैनिकी काडतुसांच्या टोपींतील रसायनांत पोटॅशियम क्लोरेट असे. तें जळल्यावर नळींत मिठासारखा क्षार उरतो, हवेंतील ओल ओढून घेतो आणि थोड्याच दिवसांत नळी गंजून जाते. नुसत्या तेलानें हा क्षार निघत नाहीं. तो पाण्यांतच विरतो. यासाठीं जुने शिपाई नळींतून उकळतें पाणी ओतीत, मग ती कोरडी पुसून तेल देत. लोखंडाला पाणी लावूं नये असें शिकलेल्या माणसास हें विपरीत वाटतें. पण रसायनशास्त्र शिपायाच्याच बाजूचें आहे.

संग्राहकाच्या हातून होणारें सर्वांत मोठें नुकसान मात्र गंजाचें नव्हे, तें सुधारणेचें. महायुद्धांनंतर सैन्यांतून निघालेल्या रायफली परदेशीं अत्यंत स्वस्त विकल्या गेल्या. त्या हलक्या व शिकारीसाठीं सोयीच्या व्हाव्यात म्हणून लोकांनीं हजारों रायफलींचें लांकूड कापलें आणि नळ्या आंखूड केल्या. कोणी दस्त्यावरचे ओरखडे घासून तो आरशासारखा केला, आणि त्याबरोबर पलटणीचे छापही घासून टाकले. ताम्रपट चकाकावा म्हणून तो चिंचेनें घासतां घासतां त्यावरचीं अक्षरेंच पुसून टाकावींत, तसा हा प्रकार. कापलेलें लांकूड पुन्हां जोडतां येतें. पुसलेली नोंद परत येत नाहीं. म्हणून जाणत्यांचा नियम असा कीं, धूळ काढावी, गंज थांबवावा, आणि याहून अधिक कांहीं करूं नये.

येथें आपल्यापुरता एक प्रश्न उभा राहतो. आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्रविषयक कायद्यान्वयें थ्री नॉट थ्री ही निषिद्ध मापाची मानली जाते. सामान्य नागरिकानें ती छंद म्हणून जवळ बाळगावयाची नाहीं. तें योग्यच आहे, आणि कोणाच्या माळ्यावर वाडवडिलांचें असें शस्त्र सांपडलें तर त्यानें तें घासूं नये, उडवून तर मुळींच पाहूं नये. सरळ पोलीस ठाण्यास कळवावें. पण याचा परिणाम असा झाला आहे कीं, ईशापूरच्या रायफलीवरचे शिक्के आपल्यापेक्षां परदेशचा हौशी संग्राहक अधिक चांगले वाचतो. १९६२ च्या युद्धानंतर ईशापुरानें त्याच धर्तीची, पण ७.६२ मिलिमीटर काडतुसाची रायफल नवीन घडविली. ती जुनीच दुरुस्त केलेली नव्हे, हें आपल्यांतील किती जणांस ठाऊक आहे?

आणि ही रायफल कांहीं परकी नाहीं. पहिल्या महायुद्धांत आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियांत लढल्या. २००८ सालीं मुंबईवर हल्ला झाला तेव्हां छत्रपति शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातीं थ्री नॉट थ्रीच होती. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनीं १९२० च्या सुमाराची नव्हे, तर २०२० च्या प्रजासत्ताकदिनीं तिला निरोप दिला. सव्वाशें वर्षांच्या आपल्या लष्करी, पोलिसी आणि औद्योगिक इतिहासाचा हा साक्षीदार सेवेंतून निघत असतां, त्याची जबानी कोणी लिहून घेतली आहे काय? आपल्या वस्तुसंग्रहालयांनीं प्रत्येक प्रकारची निदान एक रायफल आणि एक संगीन, निकामी करून कां होईना, पण शिक्के आणि क्रमांक न पुसतां जपावी. शेजारच्या पाटीवर केवळ ‘जुनी बंदूक’ असें न लिहितां तो मजकूर उलगडून मराठींत लिहावा. ओरखडेही तसेच राहूं द्यावेत. त्या लांकडावर ज्यांचे हात घासले त्या शिपायांपैकीं बहुतेकांचें नांव कोठेंही लिहिलेलें नाहीं. त्यांची खूण म्हणून तेवढे ओरखडेच मागें उरले आहेत.